वळणावरची रास

मांडववाल्याची आठवण लोकांना दोनदाच होते. लग्न ठरलं की, आणि मांडव पडला की. माझा मांडव कधी पडला नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला निम्मीच प्रसिद्धी आली.

सोलापुरात मी उभा जन्म मांडव घातले. लग्नं, बारशी, गड्ड्याच्या जत्रेतली दुकानं, पुढाऱ्यांच्या सभा, सगळं केलं. पण या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मला त्यातलं एकही लग्न आठवेना. आठवल्या त्या मोटारींच्या शर्यती. आमच्या सोलापुरात मोटारींच्या शर्यती होत होत्या असं सांगितलं, की माझे नातू एकमेकांकडं बघतात आणि अगदी आदरानं विचारतात, "आजोबा, बैलगाड्यांच्या म्हणायचंय का?" बैलगाड्यांच्या नव्हे बाबांनो, मोटारींच्या. आणि त्यांचा ट्रॅक मी मांडत होतो.

शहराबाहेर लढाईच्या काळात बांधलेली एक धावपट्टी होती. विमान तिथं क्वचित यायचं. एरवी गुरं, सायकल शिकणारी माणसं आणि सुगीच्या दिवसांत आसपासच्या शेतकऱ्यांची खळी. एवढी सपाट, टणक जागा मळणीला फुकट मिळते म्हटल्यावर कोण सोडतो? सत्तरच्या दशकात काही वर्षं तिथं ज्युनियर गटाच्या शर्यती भरल्या. पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणी एकेक फेरी व्हायची, प्रत्येक फेरीचे गुण मिळायचे, आणि शेवटची फेरी आमच्याकडं. गाडी एकाच माणसापुरती. चाकं उघडी, डोक्यावर छप्पर नाही, बूड जमिनीपासून वीतभर वर. इंजिन कुठल्यातरी जुन्या मोटारीतलं काढलेलं, अंगावर ठोकून ठोकून वाकवलेला पत्रा. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, घंगाळाला चाकं लावून कुणीतरी आत बसलंय. ते घंगाळ सुरू झालं आणि माझ्यासमोरून गेलं, तेव्हा मी आपोआप दोन पावलं मागं सरलो.

शर्यतीचे सेक्रेटरी फौजेतून निवृत्त झालेले एक मेजर होते. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, कायम "मंडपवाले" म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मंडपवाले, वळणावर भिंत कशाची घालाल?" मी म्हटलं, "बांबू रोवतो साहेब, हत्ती आला तरी हलायचा नाही." मेजरसाहेब म्हणाले, "मग त्या पोराला अंत्यविधीलाही तुम्हीच मांडव घाला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मांडव हलता कामा नये, आणि ट्रॅकची भिंत हललीच पाहिजे. आदळलेली गाडी तिनं पोटात घ्यायची, पसरायचं, पण परत फेकायचं नाही. त्या दिवसापासून ट्रॅकजवळ बांबू नाही, लोखंडी मेख नाही. भिंत घालायची ती ज्वारीच्या कडब्याची. पेंढ्या आडव्या-उभ्या रचायच्या, काथ्यानं सैल बांधायच्या, आणि जिथं मागं खड्डाबिड्डा असेल तिथं पाठीला डांबराची रिकामी पिंपं ठेवायची. कडब्याची भिंत फार गुणी, पण तिला एक वैरी असतो, तो म्हणजे म्हैस. एका वर्षी सकाळी येऊन बघतो तर अर्धं वळण खाऊन साफ. म्हशी तिथंच बसून निवांत रवंथ करत होत्या. मेजरसाहेबांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं त्यांनी शत्रूकडंही कधी बघितलं नसेल.

दुसरी डोकेदुखी बघ्यांची. माणूस नेमका तिथंच उभा राहतो जिथं गाडी अंगावर येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दोरी बांधा, पोलीस उभा करा, काही उपयोग नाही. शेवटी मी माझ्या धंद्यातली अक्कल वापरली. धोक्याच्या जागी कनात लावली. दिसेनासं झालं की माणूस आपण होऊन दुसरीकडं जातो, त्याला हाकलावं लागत नाही. मेजरसाहेबांनी आयुष्यात माझं एकदाच कौतुक केलं, ते या कनातीबद्दल.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्या पोराबद्दल सांगतो.

शिवानंद अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींची खिचडी तोंडात. वडिलांचं शेतीच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तिथंच त्यानं आपली गाडी बांधली होती. बाकीची पोरं गाडी ट्रकवर घालून आणायची. हा ट्रॅक्टरमागं बांधून ओढत आणायचा, स्टिअरिंगवर बापाला बसवून. बाप कपाळाला भस्म लावून त्या घंगाळात ताठ बसलेला असायचा आणि रस्त्यानं लोक हात जोडायचे. शिवानंद लाजाळू होता. कुणाशी बोलताना पायाकडं बघायचा. गाडीत बसला की मात्र वेगळाच माणूस. वळणावर इतर पोरं ब्रेक दाबायची तिथं हा आणखी थोडा थांबायचा, मग दाबायचा. त्या थोड्या वेळात त्याचं सगळं कसब होतं. मला यातलं शास्त्र कळत नाही, पण ज्याच्या हातात कला आहे असा माणूस बघितला की मांडववाल्यालाही ओळखू येतो.

बाहत्तरच्या दुष्काळात शर्यती बंदच होत्या. जनावरांना कडबा नाही तिथं मोटारींना कुठला? दुष्काळ सरला, ज्वारीचं पहिलं बरं पीक आलं, आणि शर्यती पुन्हा सुरू झाल्या. त्या वर्षी शेवटच्या फेरीपर्यंत पुण्याचा केकी गुणांत पुढं होता आणि शिवानंद त्याच्या मागोमाग. आमच्या फेरीत शिवानंद पहिला आला तर वर्षाचं अजिंक्यपद त्याचं, नाहीतर केकीचं. आणि जो जिंकेल त्याला मद्रासकडचे लोक पुढच्या हंगामाला आपली मोठी गाडी चालवायला देणार होते. ज्युनियर गट एकविशीच्या आतल्यांचा. शिवानंदचं ते शेवटचं वर्ष होतं. बापाच्या वर्कशॉपमधून मोठी गाडी काही बांधून निघणार नव्हती, त्यामुळे त्याच्यासाठी पुढं जायचा रस्ता तेवढा एकच होता.

शर्यत रविवारी. मी शुक्रवारी सामान घेऊन धावपट्टीवर गेलो आणि टोकाला जाऊन उभा राहिलो. जिथं गाड्या भरधाव येऊन डावीकडं वळायच्या, त्याच्या बरोब्बर मध्ये ज्वारीची रास. चांगली पुरुषभर उंच. बाकीच्यांची खळी उरकून गेली होती, ही एकटीच राहिलेली. भोवती राखेचं रिंगण, वर हळदकुंकू, पुढं नारळ. शेजारी एक बाई शेणानं सारवलेल्या जागेवर बसून हातणीनं, म्हणजे खळ्यावरच्या लहान केरसुणीनं, बारीक कचरा लोटत होती. मी लांबच चपला काढल्या. शर्यत बाजूला राहिली, पण पूजा झालेल्या राशीजवळ चपला घालून जायची आपली शिकवण नाही.

मैनाबाई तिचं नाव. नवरा गेलेला, मुली नांदायला गेलेल्या, शेजारच्याच गावात एकटीनं शेती करायची. मी गोडीत सांगितलं, "मावशी, परवा इथं गाड्यांची शर्यत आहे. रास हलवावी लागेल. माझी माणसं पोती भरून देतील."

"माप झाल्याबिगर रास हलती व्हय?" ती म्हणाली. "आन माप सोमवारी. आमच्यात सोमवारीच मापत्यात, सिद्रामेश्वराचा वार."

"या वर्षी दोन दिवस आधी मापलं तर?"

"दोन वरसं रासच न्हवती, दादा. औंदा देवानं दिली, आन मी त्येचा वार मोडू?"

तेवढ्यात मेजरसाहेब जीपमधून उतरले आणि बूट घालून तसेच पुढं आले. मैनाबाईनं हातणी आडवी धरली. मेजरसाहेब थांबले. लढाया बघितलेला माणूस, पण थांबला. त्यांनी भरपाईचं बोलून बघितलं, तेव्हा ती नुसती हसली आणि परत कचरा लोटायला लागली. मेजरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी घेता येणार नाही. परवानगी रविवारची, पोलीस रविवारचे, डॉक्टर रविवारचा. शर्यत रद्द करावी लागेल."

रद्द झाली तर आहेत ते गुण कायम, म्हणजे केकी जिंकला. शिवानंद मागंच उभा होता, गाडी घेऊन नुकताच पोचला होता. मेजरसाहेब जीपकडं गेल्यावर माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "नाना, काय तरी करा की ओ."

मांडववाल्याला जागा कधीच मनासारखी मिळत नाही. अंगणात विहीर असते, मध्ये चिंच असते, तरी त्यातूनच लग्न लागतं. मी पावलांनी जागा मोजली आणि मेजरसाहेबांना परत बोलावलं. वळणच अलीकडं आणायचं. रास राहू दे तिथं, गाड्या तिच्या आधीच डावीकडं वळतील. वळण जरा आवळ होईल, पण होईल. उजव्या हाताला एक पडकी विहीर होती, तिच्यापुढं पिंपं आणि कडबा लावायचा. मेजरसाहेबांनी बराच वेळ बघितलं आणि कबूल झाले.

"राशीपुढंही कडबा लागेल," मी म्हटलं.

"आहे का?"

नव्हता. दुष्काळातून उठलेले शेतकरी कडब्याची एक पेंढी हातची सोडायला तयार नव्हते. मिळाला तो विहिरीच्या बाजूलाच कसाबसा पुरत होता, तोही एकेरी थरात.

"मग राहू द्या," मेजरसाहेब म्हणाले. "धान्याच्या ढिगासारखी मऊ भिंत जगात नाही. कुणाचा ब्रेक गेला तर सरळ धान्यात जाईल आणि कपडे झटकून उठेल."

"साहेब, पूजेची रास आहे. आमची पोरं तिच्यात गाडी घालायची नाहीत."

"जिवावर बेतलं की सगळे घालतात, मंडपवाले."

राहता राहिली मैनाबाई. तिला सांगितलं, रास हलवत नाही, पण गाड्या इथून जवळून जातील, आणि तुम्ही मात्र इथं बसायचं नाही. ती ऐकेना. "माज्या राशीवर गाडी आली मंग?" एवढाच तिचा प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत शिवानंद पुढं झाला. चपला त्यानं केव्हाच काढल्या होत्या.

"न्हाई येनार, आव्वा. मी चालवतो की गाडी. माझा शब्द हाय."

मैनाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणाचा रं तू?" त्यानं गावाचं, बापाचं नाव सांगितलं. दोघं थोडं कानडीत बोलले, ते मला समजलं नाही. मग ती उठली, राशीला हात जोडले आणि म्हणाली, "ह्यो म्हंतोय म्हून जाते."

रविवारी मी तिला मोठ्या मांडवात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं, मेजरसाहेबांच्या बायकोशेजारी. ती खुर्चीत मांडी घालून बसली आणि पदरातले भुईमुगाचे दाणे मेजरीणबाईंना देऊ लागली. दोघींचं चांगलं जमलं.

शर्यतीआधी मेजरसाहेबांनी सगळ्या ड्रायव्हरांना वळणाशी उभं करून पुन्हा तेच सांगितलं. ब्रेक गेला तर समोर धान्य आहे, सरळ आत घाला, नुकसान आम्ही बघू, उजवीकडं पिंपं आहेत तिकडं जाऊ नका. केकीनं मान हलवली. शिवानंद पायाकडं बघत होता.

मी वळणाच्या आतल्या बाजूला, जरा अंतरावर उभा होतो. ऊन मी म्हणत होतं. शिवानंद पहिल्या काही फेऱ्यांतच केकीच्या पुढं गेला आणि मग पुढंच राहिला. दर फेरीला तो त्या वळणावर आपल्या पद्धतीनं जरा उशिरा ब्रेक दाबायचा, आणि दर फेरीला अंतर थोडं वाढायचं. त्याचा बाप कनातीच्या कडेला उभा होता, ओठ हलत होते. मी मनात म्हटलं, गेलं हे पोरगं मद्रासला.

पण माझ्या वळणानं घात केला म्हणा, किंवा बापाच्या वर्कशॉपमधल्या जुन्या ब्रेकनं म्हणा. आवळ वळणावर दर खेपेला ब्रेक जास्त तापत होते. शर्यत संपत आली होती. शिवानंदची गाडी धावपट्टीवरून आली, आणि ज्या जागी तिचा आवाज दर वेळी उतरायचा त्या जागी उतरलाच नाही. पाय दाबून दाबून तो सीटवरून वर उठलेला मला दिसला. डावीकडचं वळण घेता येईल एवढा वेग उतरला नव्हता. समोर ज्वारीची रास, सरळ, रुंद, मऊ. त्यानं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं.

कडब्याचा एकेरी थर उडाला. पिंपांचा आवाज मी आजही विसरलो नाही. गाडी उलटून पिंपांत अडकली, विहिरीच्या अलीकडं. आम्ही धावलो, गाडी उचलली, त्याला बाहेर काढलं. शुद्धीवर होता. उजवा हात मनगटापासून भलतीकडं वळलेला, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. त्यानं मान वळवून पहिल्यांदा काय बघितलं असेल तर रास. तिच्या राखेचं रिंगणही मोडलं नव्हतं.

मांडवातून मैनाबाई पळत आली. मला वाटलं, राशीकडं जाईल. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि त्याला शिव्या द्यायला लागली. "आरं मुडद्या, दानं सांडलं असतं तर येचलं असतं की मी. हाडं येचून दिऊ का तुज्या आईला?" बोलता बोलता ती रडत होती आणि पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसत होती. तो म्हणाला, "शब्द दिल्ता की, आव्वा."

केकी जिंकला. भला पोरगा होता, संध्याकाळी दवाखान्यात आला. त्यानं मला बाहेर गाठून विचारलं, "नाना, ते मऊ धान्य सोडून तो लोखंडात कशाला गेला?" मी त्याला रास, पूजा, माप, सोमवार सगळं समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे शर्यत माझी नाही." मी म्हटलं, "बाबा, गुण तुझे आहेत, ते घे आणि चांगला चालव." तो पुढं मद्रासला गेला आणि चांगला चालवला असं ऐकलं.

शिवानंदचा हात बसला, पण मनगट वाकडं राहिलं. पाना फिरवता यायचा, स्टिअरिंगचा झटका सोसायचा नाही. तो वर्कशॉपमध्ये बापाच्या हाताखाली लागला. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजून वाटतं. लोक त्याचं कौतुक करायचे, सत्कारसुद्धा झाला एका मठात. पण कौतुकानं गाडी मिळत नाही. कौतुक करणाऱ्यांतल्या एकालाही मी गाडीत त्याच्यासारखा बसलेला बघितला नव्हता, म्हणून मला त्या हारतुऱ्यांचा रागच यायचा.

पुढच्या वर्षी मेजरसाहेबांनी त्याला वळणावर झेंडा घेऊन उभं राहायला बोलावलं. तो आला. मी शुक्रवारी सामान घेऊन निघालो तेव्हा तोही माझ्याबरोबर ट्रकमध्ये होता. धावपट्टीच्या टोकाला पोचलो आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच जागी रास. या वर्षी कडबा भरपूर होता, वळण मूळच्या जागी न्यायचं ठरलेलं, आणि पुन्हा हे. राशीशेजारी मैनाबाई.

मी लांबूनच म्हटलं, "मावशी, यंदा पण?"

"या या," ती म्हणाली. "तुमचीच वाट बगत हुते. कुटं पायजे सांगा, आजून सरकिवते. हितंच येत्यात न्हवं गाड्या नीट?"

मला काही कळेना. राशीवर हळदकुंकू नव्हतं. भोवती राख नव्हती, नारळ नव्हता.

"पूजा केली न्हाई औंदा आजून," मैनाबाई म्हणाली. "सोमवारी करीन, मंग लगीच मापीन. तवर नुसतं दानं हायती. पोरास्नी सांगा, बिनघोर घुसा म्हनावं."

शिवानंदनं सवयीनं चपला काढल्या होत्या. तिचं लक्ष गेलं. "घाल की रं चपला. देव न्हाई त्यात आजून. तुज्यासारक्यासाटी ठिवल्यात."

त्यानं चपला घातल्या नाहीत. तो राशीजवळ जाऊन उकिडवा बसला आणि वाकडं मनगट हळूच दाण्यांत घातलं. हात कोपरापर्यंत आत गेला. बराच वेळ त्यानं तो तसाच ठेवला. हाड बसवताना न रडलेला पोरगा, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"लई मऊ हाय की ओ, नाना," तो म्हणाला.